शेळी बांधलीस का

हा-रामोखोरो हे गाव नकाशात आहे,
नेटवर्कच्या नकाशात नाही.
म्हणून टॅब्लेट छातीशी धरून मी चढते
गावामागची टेकडी, जिथल्या एका सपाट खडकाला
मेंढ्या राखणारी पोरं ‘टॉवर’ म्हणतात.
त्यावर उभं राहून तोंड वायव्येला केलं
की दोन काड्या येतात,
आणि आठवड्याभराची माणसं
माझ्या हातातून मासेरूच्या सर्व्हरवर जातात
एकेक करून, क्रमांक होऊन.

संशोधनाचा प्रश्न साधा आहे :
रोज संध्याकाळी सात वाजता फोन वाजला
तर गोळी चुकायची थांबते का?
अर्ध्यांचा वाजतो. अर्ध्यांचा नाही.
कुणाचा वाजायचा ते संगणकानं ठरवलं, मी नाही.
हे मला
न वाजणाऱ्यांना दर महिन्याला सांगावं लागतं.

संदेश मात्र ज्याचा त्यानं निवडायचा.
औषधाचं नाव नको, आजाराचं तर नकोच;
घरात फोन एक, हात सहा.
कुणी निवडलं, चूल विझवलीस?
एका म्हाताऱ्यानं नुसतं, घोड्याला पाणी.
म्मे मापुसेलेत्सोनं ब्लँकेटची पिन काढली, लावली,
पुन्हा काढली, म्हणाली :
लिही, शेळी बांधलीस का.
होय असेल तर एक दाबेन. नाही असेल तर दोन.

एकशे त्रेचाळीस संध्याकाळी : एक.
सेबोलेलो ऑफिसातून म्हणायची,
हिच्या रांगेवर घड्याळ लावून घ्यावं.

मग जुलैत, बर्फ पडलं त्या आठवड्यात,
आकड्याच्या जागी अक्षरं आली.
‘बांधली.’
दुसऱ्या दिवशी, ‘बांधली. गाठ पक्की आहे.’
तिसऱ्या दिवशी, ‘वारा फार आहे. तरी बांधली.’
रकान्याला अक्षरं चालत नाहीत.
त्यानं तिन्ही दिवस लाल केले.

मी गेले. ती नव्हती,
माफेतेंगला बहिणीकडे मयताला गेलेली.
फोन सोलरच्या वायरला तसाच लटकलेला.
दाराशी उन्हाच्या पट्ट्यात न्ताते लेफा,
वेल्कोमच्या खाणीतून बावीस वर्षांनी परत आलेले,
सोनं तिकडं राहिलं, धूळ तेवढी छातीत बरोबर आली.
अर्धं वाक्य, मग खोकला, मग वाक्याचं शेपूट.
मी काही विचारलं नाही.
संमतिपत्रावर तिची सही आहे, त्यांची नाही.
रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलले,
पुलाबद्दल बोलले.

ते म्हणाले, गोळ्या ती बरोबर घेऊन गेलीय.
पिठाच्या डब्यामागं ठेवते.
ती झोपली की मी मोजतो.

मग बराच वेळ खोकला.

तिला सांगू नकोस. तिला वाटतं
मला ठाऊक नाही.
आणि फोन रोज विचारत होता, पोरी,
विचारणाऱ्याला उत्तर न देणं
बरं दिसत नाही.

माझ्याकडे चौदा पानांचा फॉर्म आहे.
‘घरात कुणाला माहीत आहे का?’ याला
होय, नाही, सांगता येत नाही.
मी तिन्ही चौकोनांवर बोट धरून पाहिलं
आणि पुढचं पान काढलं.

निघताना गोठ्याशी वळले.
रचलेल्या दगडांचं कडं, आत गुडघाभर बर्फ.
शेळी नाही. ते घरी आले त्याच वर्षी विकली,
नाव नोंदवताना तिनंच हसत सांगितलं होतं,
म्हणून तर शेळी म्हटलं, कुणी बघायला जाणार नाही.
मधोमध खुंटी,
खुंटीभोवतीचं बर्फ हातानं उकरलेलं,
आणि दावं, तीनदा फिरवून आवळलेलं.
दुसरं टोक मोकळं, वाऱ्यावर थोडं हलत.

टॉवरवर चढून मी तिन्ही लाल दिवसांपुढं लिहिलं,
कारण : तांत्रिक.
सात वाजायला आले होते.
खाली कुणाचा तरी फोन वाजला,
की मेंढीच्या गळ्यातली घंटा, एवढ्या उंचीवरून
मला नीट कळलं नाही.