पाऊण टन

धरमपेठेत तिसऱ्या माळ्यावर ऑफिस.
पहिल्या दिवशी लांजेवार सर म्हणाले,
"मेकॅनिकलची ना? इमारतीत तुझं काय काम?"
मला वाटलं, लिफ्ट.
ते म्हणाले, "हवा."

हवा म्हणजे एक एक्सेल शीट.
रिसेप्शन, एमआरआय, डॉक्टरांच्या केबिन एक ते नऊ.
पश्चिमेची काच किती, भिंत किती इंचांची,
दिवे किती, आत माणसं किती.
बाहेर त्रेचाळीस धरायचं, आत चोवीस.
बसलेलं माणूस म्हणजे शंभरेक वॅट,
चालणारं असेल तर जास्त.
रडणाऱ्याचं कोष्टकात काही नव्हतं.
मी शोधलं होतं,
नातेवाइकांची वेटिंग रूम भरताना.

आमच्या स्वतःच्या डोक्यावर कूलर.
पंप अडकला की रेवतकर दादा खुर्चीवर चढून
त्याला एक चापट मारायचा,
आणि आम्ही पुन्हा दुसऱ्यांना गार करायला बसायचो.

तिसऱ्या आठवड्यात सर : "एक टन म्हणजे काय, सांग."
मी घडाघडा आकडा सांगितला.
"आकडा नको. म्हणजे काय?"
मग स्वतःच म्हणाले,
एक टन बर्फ दिवसभरात वितळताना
जेवढी उष्णता पितो, तेवढी.

मी गप्प.
बर्फ मला माहीत होता.
मानेवाड्याच्या चौकात बाबांची रसवंती.
पहाटे फॅक्टरीतून लादी यायची, बारदान्यात गुंडाळून,
रिक्षामागे रस्त्यावर एक ओली रेघ.
पन्नास किलोची एक. वीस लाद्या, एक टन.
दोन लाद्यांत आमचा दिवस निघायचा,
आणि माझी फी.

हॉस्पिटलचं निघालं एकशे ऐंशी टन.
तोंडीच केलं : छत्तीसशे लाद्या.
रोज.

साइट वर्धा रोडला.
फिटर पटलेनं वर बोट दाखवलं,
"मॅडम, तुमची डक्ट तर बीममधून चालली ना बाप्पा!"
नकाशात बीम साडेचारशेचा,
वर होता सहाशेचा.
त्यानं टेप काढलाच नाही, पंजा लावला.
"दीड वीत खाली घ्या," म्हणाला,
आणि तंबाखू मळायला लागला.

निघताना गेटवर सहीचं रजिस्टर.
सहारे काकांची केबिन पत्र्याची,
खिडकी एकच, तीही पश्चिमेला.
त्यांनी पेन दिलं.
पेन गरम होतं.

संध्याकाळी शीटमध्ये एक ओळ वाढवली.
गेट केबिन. माणूस एक, बल्ब एक, छप्पर पत्रा.
उत्तर : पाऊण टन.
पंधरा लाद्या एका माणसाला.

सर खाली खाली येत त्या ओळीवर थांबले.
"हे आपल्या स्कोपमध्ये नाही."
"हो सर."
चष्मा पुसला. कूलरकडे पाहिलं.
ओळ खोडली नाही, लपवली फक्त.
प्रिंट निघाली तेव्हा अनुक्रमांक
एकसष्टनंतर एकदम त्रेसष्ट.
क्लायंटनं सही केली,
कोणी काही विचारलं नाही.

रात्री बाबा बर्फाची पेटी धूत होते.
"काय शिकून राहिली तिथं?"
"हवा," म्हटलं.
ते हसले नाहीत.
चप्पल काढ, म्हणाले,
आणि पेटीच्या तळाशी उरलेलं गार पाणी
माझ्या पायांवर ओतलं.