कुंपण

योआनिनाच्या इस्पितळाचं तळघर. रात्रीचे तीन.
वरून चार नळ्या आल्या आहेत, दोन माणसांच्या.

आठ नंबरची खाट : थ्रासीवुलोस, चांदीकाम करणारा.
बोटात तार घुसली, त्याने नेहमीसारखी तोंडात धरून चोखली,
आठवड्याभरात हात कोपरापर्यंत तांबडा.
अकरा नंबर : आस्पासिया, मेत्सोवोची,
चाळीस वर्षं भूगोल शिकवला.
लघवीला जळजळ होती, ते मुलीला फोनवर सांगायची लाज वाटली,
म्हणत राहिली, जराशी कणकण आहे, बाकी काही नाही.

दोघांच्या कागदावर एकच शब्द : सेप्सिस.
दोघांना तीच अँटिबायोटिक्स, तेच सलाइन, तोच ऑक्सिजन.
इतकी वर्षं असंच चालत आलं,
सब घोडे बारा टक्के.

मी पोलिक्सेनी. मला चेहरे दिसत नाहीत.
मला दिसतात लेझरपुढून एकेक करून जाणाऱ्या पेशी,
आणि शेवटी आकडा.

थ्रासीवुलोसचं फेरिटिन नऊ हजार तीनशे दहा.
मशीनवर विश्वास बसेना. पुन्हा लावलं.
नऊ हजार दोनशे नव्वद.
जंतू कदाचित परवाच मेले असतील,
पण त्यांच्यावर सोडलेले शिकारी घरी परतायला तयार नाहीत,
यकृत चघळतायत, मूत्रपिंडाच्या दारात शेकोटी पेटवून बसलेत.
कुंपणानेच शेत खायला घेतलंय.

आस्पासियाचं उलटंच.
पेशी आहेत, मोजून पुरेशा आहेत,
पण अंगावर निशाण मिरवणारी एखादीच.
पहारेकरी दाराशी उभे, डोळे सताड उघडे,
आणि आत शिरणाऱ्याला कुणी नावसुद्धा विचारत नाही.

एकाचं थंड करायचं. एकीचं जागं करायचं.
अदलाबदल झाली तर?
दर वेळी लेबल चिकटवताना मी हे मोठ्याने विचारते.
ऐकायला फक्त फ्रीज असतो.

तरी औषध मिळेलच असं नाही.
अजून पारखणं चालू आहे; काही सिरिंजांत औषध,
काहींत नुसतं मिठाचं पाणी,
कोणती कुणाला, ते डॉक्टर झिसिसलाही ठाऊक नाही.
आस्पासियाची मुलगी, म्हणे, पेन हातात धरून थांबली,
''म्हणजे माझ्या आईवर नाणं उडवणार?''
झिसिस चष्मा पुसत राहिला.
''उडवत तर आधीपासून होतो,'' म्हणाला,
''फक्त ते खाली कसं पडलं, ते बघत नव्हतो.''
तिने सही केली. अक्षर आईसारखं वळणदार.

पाच दिवस नळ्या येत राहिल्या.
नऊ हजार. साडेसात. चार हजार शंभर.
आस्पासियाचा आकडा जिथल्या तिथे,
गाळात रुतलेल्या होडीसारखा.

सहाव्या दिवशी आठ नंबरची नळी आली नाही.
नळी न येण्याचे अर्थ दोनच असतात,
आणि एकोणीस वर्षांत मी कधी वर जाऊन विचारलेलं नाही.
आज गेले. लिफ्टसाठी थांबलेसुद्धा नाही.

आठ नंबरवर दुसराच कुणी, तोंडात नळी, पाय उघडे.
नर्स स्तामातिया म्हणाली, वॉर्डात हलवला काल.
दोन बोटं गेली. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं,
हातोडी डाव्या हाताने शिकायला किती दिवस लागतात.

त्याला औषध मिळालं की मिठाचं पाणी?
तिला माहीत नाही. मला माहीत नाही.
काचेपलीकडे अकरा नंबर पाहिली, पहिल्यांदाच :
केवढीशी बाई, कपाळावर कुणीतरी केस विंचरून ठेवलेले,
भिंतीला मुलीने चिकटवलेला शाळेतला जुना नकाशा,
सगळ्या नद्या निळ्या, एकीवर चहाचा डाग.

खाली आले तेव्हा तिची नळी माझ्या आधी पोचली होती.
हातमोजे चढवले. नाव दोनदा वाचलं.
लावते आहे.