दम

खोलीत कापूस आहे, आढ्याच्या दीड हात खालपर्यंत.
भाव चढेल म्हणून अनंता थांबलाय,
आणि उंबरा ते कापूस
उरलीय सहा पावलांची जागा.

तेवढ्यात मी.
पहाटे पावणेपाचला,
पोरीची शाळेची ट्रॅकपँट घालून.
नाडीला गाठ पुरत नाही म्हणून सेफ्टीपिन.

मोबाइल तेलाच्या पिप्याला टेकवला.
त्यातली बाई म्हणते, मॅट अंथरा.
मी पोतं अंथरलं, युरियाचं, धुतलेलं.
ती म्हणते, दोन्ही हातांत डंबेल घ्या.
एका हातात वरवंटा घेतला.
त्याच्या तोलाचं दुसरं काही घरात सापडेना,
म्हणून आज डावा, उद्या उजवा.
चौथ्या उठाबशीला गुडघा बोलला.
नवव्याला नेटवर्क गेलं,
बाई एक पाय वर धरून तशीच थांबली.
मला जरा बरं वाटलं.

भिंतीपलीकडून सासूबाई,
"काय व, कापसात उंदीर शिरला काय?"
"हो," म्हटलं, "मोठा हाय."

अठ्ठ्याण्णव साली, दिग्रसच्या मैदानावर,
एका दमात तिघींना बाद करून परत आले होते मी.
ढोक सर म्हणायचे, पाय सगळ्यायलेच असतात,
तू दम सांभाळ.
मग लग्न. आचल. दुसऱ्या वेळचं सिझर.
मग अंगणवाडीतली खिचडी,
उरली की टाकवत नाही.
दम कधी गेला, कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पोलिओच्या फेरीला टेकाडावरची वस्ती चढताना
विजेच्या खांबाला धरून उभी राहिले.
कुंदा मेश्राम वर पोचली होती, लसीची पेटी खाली ठेवून
माझ्याकडे बघत होती.
आमच्याच संघातली, उजवा कोपरा धरायची.
हसली नाही.
हसली असती तर चाललं असतं.

दहाव्या दिवशी मोबाइल बंद केला.
उंबरा म्हणजे मध्यरेषा.
कबड्डी कबड्डी, ओठांतल्या ओठांत,
सहा पावलं, कापसाला हात, सहा पावलं मागे.
आधी एकदाच. मग तीनदा.
संक्रांतीपर्यंत एका दमात अकरा.
मानेला खाज, दंडाला खाज,
आणि दर खेपेला बोटांना चिकटून आलेलं
पेळूभर पांढरं:
ही गडीण बाद.
साऱ्या कोनाड्यात बसवल्या.
सासूबाईंनी त्यांच्याच वाती वळल्या, न विचारता.

मग भाव चढला. फार नाही,
पण अनंताचा धीर तेवढाच होता.
पिकअप दाराशी लागली, चौघं जण नाकाला फडकी बांधून आत शिरले,
दिवेलागणीपर्यंत खोली रिकामी.
भिंतीवर कापसाच्या उंचीची एक मळकट रेघ,
कोपऱ्यात गोदरेजची हरवलेली चावी,
आचलची बालवाडीतली एक चप्पल.
काटापावतीची घडी खिशात घालत
अनंता माझ्याकडे न बघता म्हणाला,
"आता तुले जागा भेटली."

म्हणजे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या पहाटे उंबऱ्यावर उभी राहिले.
भिंत चौदा पावलांवर.
इतकी मोठी खोली आपल्या घरात आहे
हे मी दर उन्हाळ्यात विसरते.
श्वास भरला, वाकले, गेले.
हात भिंतीला लागला. थंड.
बोटांना काही चिकटलं नाही.
आणि परत फिरताना, अगदी मधोमध,
पंख्याच्या हुकाखाली
दम सुटला.

कबड
एवढंच चारी भिंतींवरून फिरून आलं,
बरंच मोठ्यानं.

"कापूस गेला," पलीकडून आवाज,
"उंदीर राह्यलाच काय व?"

"राह्यला," म्हटलं,
आणि गुडघ्यांवरचे हात काढून
परत उंबऱ्याकडे चालू लागले.