डावी मागची

दिवसभर मी माणसांची चाल बघते.
कुणाचा खुबा खाली जातो, कुणाच्या बुटाची टाच
आतून झिजते, जिना उतरताना
कोण आधी कुठला पाय टाकतं.
टॉडमॉर्डनच्या चढावर राहणाऱ्या मिसेस ग्रीनवूड
दारापर्यंत येतात, तेवढ्या पावलांवरून कळतं
आज गुडघा कुठला.

आणि माझीच गाडी
सहा महिने डाव्या कुल्ल्यावर बसून होती,
ती दिसली नाही.

ऐकू येत होतं.
शाळेपुढच्या उंचवट्यावर एक ठक्.
कालव्याकडच्या खड्ड्यात ठक्, मग कर्र.
मी रेडिओ मोठा केला.
हाच उपाय माझे पेशंट करतात,
आणि माझी बोलणी खातात.

होल्डस्वर्थनं गाडी लगेच वर घेतली नाही.
सपाट जागी उभी केली, मागे गेला,
कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला,
मी बघते तसा.
मग खिशातली टेप काढून
चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजलं.
उजवीकडे सदतीस. डावीकडे साडेतेहेतीस.
टायरवरून आतल्या अंगानं बोट फिरवलं,
बोडका.

वर घेतल्यावर दिसलं :
स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटून
खालच्या बशीत पडलेला, तांबडा, पापुद्रे सुटलेला.
इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात.
खाल्ल्या मिठाला जागणं
लोखंडाला जमत नाही.

"एकच बदलली तर?"
"जोडीनं," तो म्हणाला.
"उजवी तर धड आहे."
"धड दिसतेय. वर्षं तिनंही तेवढीच काढलीत."

मग हात पुसत विचारलं,
"या बाजूला वाहता काय तुम्ही?"

डिकी उघडली.
एक वॉकर, रबरी पट्टे, वाळूच्या छोट्या पिशव्या,
आणि त्यांच्याखाली, चादरीत गुंडाळलेल्या
सहा फरशा. इथल्याच दगडाच्या, पिवळसर.
विद्याधरनं आणलेल्या, मागच्या दारापासून
कपडे वाळत घालायच्या दांडीपर्यंत वाट करायला.
रविवारी उतरवू, म्हणाला होता.

त्यानंतर रविवार आले. येतातच.
पहिल्या काही रविवारी घर माणसांनी भरलेलं होतं,
कुणी भात आणायचं, कुणी फॉर्म भरून द्यायचं,
डिकी कुणी उघडली नाही.
पुढे मीही वरच्यावर सामान ठेवत गेले.

होल्डस्वर्थनं एका फरशीवर तळवा ठेवला.
"चांगला दगड आहे," म्हणाला. एवढंच.
पाच त्यानं नेऊन भिंतीला लावल्या.
सहावी मी घेतली,
लोकांना शिकवते तशी : पाठ सरळ,
जोर मांड्यांत, श्वास सोडत.
तरी कळ आलीच.

संध्याकाळी किल्ली देताना म्हणाला,
काही दिवस गाडी उंच वाटेल, मग बसेल.

शाळेपुढचा उंचवटा आला.
खांदे आपसूक वर गेले, दात आवळले,
हात रेडिओकडे.
काही वाजलं नाही.
पुढच्या उंचवट्यालाही खांदे गेलेच वर.

फरशा त्याच्याकडेच आहेत. शनिवारी नेते म्हटलंय.
दोन खेपा करा, म्हणाला,
आणि मधोमध ठेवा.