फक्त वरची कड

दुरुस्त्या पोस्टानं यायच्या
इंदूरच्या खंडपीठाच्या ग्रंथालयात,
तपकिरी पाकिटात लांबट चिठ्ठ्यांचा गठ्ठा.
दिल्लीत हात वर झालेले असत,
लागेल तेव्हा निम्म्या राज्यांचा होकार,
मग सही, मग राजपत्र.
तरी आमचं पुस्तक बदलायचं
यादवराव बिनीवाल्यांनी खळ शिजवल्यावरच.

"मैदा दोन चमचे, मोरचूद चिमूटभर,
नाहीतर कायदा झुरळं खातात,"
पहिल्याच दिवशी मला म्हणाले.
"आणि चिठ्ठी सगळी डकवायची नाही.
फक्त वरची कड.
खालचं वाचता आलं पाहिजे,
कोण कुठल्या तारखेचा खटला घेऊन येईल
सांगता येत नाही."

'ऐवजी', 'नंतर', 'वगळावे':
या तीन शब्दांवर सगळं चालतं, म्हणायचे,
पोह्यांची बशी पुस्तकापासून हातभर लांब धरून,
मिशीला शेव.

परवा कपाटं रिकामी करायचा हुकूम आला.
सगळं आता पडद्यावर दिसतं,
रात्रीत बदलतं, खाली काही उरत नाही.
मी यादी करत बसले.
त्यांची प्रत हाती आली, खाकी कव्हरची,
आणि भाग सात आपोआप उघडला.

कलम दोनशे अडतीस.
आमचं राज्य इथं राहायचं, मध्यभारत:
हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदुरात,
फायलींच्या पेट्या रेल्वेनं ये-जा करत.
'राज्यपाल'च्या ऐवजी
'राजप्रमुख' वाचावे, असं काहीसं छापलेलं.
छप्पन साली हा भागच गेला.
तेव्हा यादवराव चोवीस वर्षांचे,
नोकरीला नुकते लागलेले.
चिठ्ठीवर एकच शब्द: वगळले.

सवयीनं मी नखानं ती उचलायला गेले.
उचलेना.
चारी कडा डकवलेल्या,
मधेही खळ, कोपऱ्यांतून निळसर ओघळ,
आणि अंगठ्याचा ठसा,
जोरात दाबलेला,
दोनदा.

बहुतेक त्यानंतरच शिकले असतील ते
फक्त वरच्या कडेचं.
किंवा तसं नसेलही.
विचारायचं राहिलं.

पान खिडकीकडे धरलं.
उजेडात चिठ्ठी, खालचं, पाठचं
सगळं एकदम दिसायला लागलं
आणि वाचता काहीच येईना.

"मॅडम," जिन्यातून बनसोडे ओरडला,
"टेंपो थांबून राहिलाय खाली."