दहाच्या खालचं

साक्षीदार क्रमांक सात : भूपाल आदगोंडा मगदूम,
वय चव्वेचाळीस, राहणार बुधगाव,
कुपवाडच्या कारखान्यात वजनकाट्यावर रात्रपाळी.
त्याच्या दारात माझी खुर्ची, माझी रायफल
आणि एक नोंदवही, तिच्यात रोज एकच ओळ :
रात्र शांततेत.

फार काही बघितलं नव्हतं त्यानं.
काचेमागं बसून, डोळ्यांवर झोप,
एक टेम्पो आत घेतला, एक वाजून चाळीस,
पाच हजार दोनशे साठ.
तोच बाहेर सोडला दोन पंचवीसला,
पाच हजार दोनशे.
रिकामा आला, रिकामा गेला.
मधले साठ किलो म्हणजे युनियनचा सयाजी कोळेकर,
बॉयलरच्या राखेत ज्याच्या पट्ट्याचं
नुसतं बक्कल सापडलं.

"मी बघितलं न्हाई, हवालदार.
मी वजन केलं. बघणं येगळं."
एवढं बोलून तो आत जायचा.
दिवस बुडायच्या आत त्याचं जेवण उरकायचं,
भांड्यांचा आवाज थांबला
की मी ओसरीवर डबा उघडायचा,
अंधारात आमटी चाचपत.

क्रमांक तीन फितूर झाला, नव्या मोटारसायकलवरून आला.
क्रमांक पाचला आठवेना,
स्वतःला चष्मा कधी लागला तेही.
साहेबांचा रोज फोन : टिकतोय ना आपला?
दुधाबद्दल विचारावं तसं.

तारखेच्या पहाटे
त्याच्या चपलांच्या जोडात घडी घातलेली पावती.
छापील, काट्यावरचीच.
गाडी क्रमांकाच्या रकान्यात : सन्मती, सहावी ब.
निव्वळ वजन : तीस किलो.

नियम म्हणतो, वर कळवा.
वर कळवलं असतं तर घरात कळलं असतं,
घरात कळलं असतं तर सात नंबर
दाराला आतून कडी घालून बसला असता.
मी पावती खिशात घातली.
होमगार्डमधल्या मेहुण्याला उठवून
साध्या कपड्यांत शाळेच्या दारात उभं केलं.
मग नोंदवही उघडली : रात्र शांततेत.
रखवाली कुणाची चालली होती,
त्याची का खटल्याची,
हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.
म्हणून मीही विचारलं नाही.

विजयनगरच्या कोर्टात तो पिंजऱ्यात उभा राहिला
तेव्हा शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं.
तिकडचे वकील हसऱ्या तोंडाचे :
"तुमचा काटा चुकू शकतो की नाही, मगदूम?"
"चुकतो."
साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.
"पर जाताना जेवढा चुकतो, साहेब,
येताना बी तेवढाच चुकतो.
साठ ते साठच ऱ्हातंय."
टायपिस्टची बोटं मागं पडली होती,
ती गाठेपर्यंत कोर्टात दुसरा आवाज नव्हता.

सुटायला उशीर झाला.
माधवनगरच्या फाटकात जीप अडली,
मालगाडी संपता संपेना.
त्यानं माझ्यापुढं हात केला.
"द्या."
"काय?"
"पावती. चारला पाणी प्यायला उठलो तवाच बघितली.
हुती तशी ठेवली परत.
म्हटलं, हवालदार काय करतोय बघू."

मी खिशातून काढली. घामानं मऊ झाली होती.
उजेड नव्हता, तरी त्यानं ती वाचल्यासारखी धरली.
"पोरगी अठ्ठावीस भरती.
दर ऐतवारी वाण्याकडं बसवतो मी तिला ताजव्यात.
हे लिवणारा मोठ्या काट्यावरचा हाय,
आमच्यातलाच.
त्याला दहाच्या खालचं दिसत न्हाई."

फाटक उघडलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला.
मला म्हणायचं होतं
की मेहुणा शाळेच्या दारात होता, दिवसभर,
पण ते माझ्याच बाजूचं वजन झालं असतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस कधीच बुडला होता.
तो तसाच झोपला, न जेवता.
आतून एकदा मुलीचं खोकणं ऐकू आलं.
डबा माझ्या मांडीवर होता,
झाकण मी उघडलं नाही.