अठ्ठेचाळीसातले बारा

कायतान मानशीकार सायकल ढकलत आला
तेव्हा रायबंदरची फेरी नुकतीच सुटली होती
आणि मी दुकानाची फळी ओढत होते.
सायकल विजेची, पुतण्यानं घेऊन दिलेली.
पुढं दिवा. मेलेला.
"एकदाच पेटला गे बाय,
फेस्ताच्या दारूकामासारखा. मग वास आला."

तो वास मला ठाऊक.
बॅटरी अठ्ठेचाळीसची, पोटभर प्यायली की चौपन्नावर जाते,
दिव्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत: बारा.
पुतण्यानं दोन वायरी सरळ नेऊन भिडवल्या होत्या,
वर चिकटपट्टी,
लग्नातल्या आहेराला लावतात तशी.

कुणी तरी त्याला दुसरी वाट सांगितली होती:
बॅटरी उघडायची, तेरातले तीनच सेल धरायचे,
बारा आपोआप मिळतात.
मी म्हटलं, तेरा भावांतले तिघंच रोज वल्हं मारतील
तर होडी कुठं जाईल?
"गोल गोल," तो हसला.
आणि मग पेटेल, मी म्हटलं.
तो हसायचा थांबला.

कन्व्हर्टर काढून हातावर ठेवला त्याच्या,
काडेपेटीएवढा, साठपर्यंत सोसणारा,
पाठीवर ॲल्युमिनियमची पाती, तापेल म्हणून.
हे काय करतं?
मला शब्द सुचेना.
वर बघितलं तर तोच हवेत फळ्या रचत होता,
एकीवर एक:
"बाहेर भरती, ऊर फुटेस्तोवर.
आत शेताला हवं तेवढंच.
मानस ती."
मानसच, कायतान. फक्त ही
सेकंदाला लाखभर वेळा उघडझाप करते.
"तेवढं जमायचं नाही मला. मी दिवसाला दोनदा."

तांबड्या वायरवर फ्यूज घातला,
बॅटरीपासून चार बोटांवर, त्याहून लांब नाही.
फ्यूजच्या अलीकडं जे घासेल, तुटेल,
त्याला राखणदार नसतो.
दिव्याआधी मीटर लावला: बारा पूर्णांक एक.
पुन्हा बघितलं. बाराच.
मग सांधे डाख देऊन, नळीत घालून, वर सिलिकॉन,
कारण खाजनाची हवा तांबं खाते,
आधी हिरवं करते, मग खाते.

कायतान सगळं उकिडवा बसून बघत होता.
फ्यूज उडाला तर?
तर दिवा वाचला, मी म्हटलं.
तो बराच वेळ मान हलवत राहिला.
पंचेचाळीस साली की कधीशी
त्याच्या पायची मानस एका रात्रीत फुटली होती,
तीन वर्षं भात नाही. ते त्यानं सांगितलं,
पण कुठल्या गोष्टीवरून ते माझ्या ध्यानात नाही.

अमाशेला, रात्री दोनच्या सुमारास, मी पाणी प्यायला उठले.
बांधावरून उजेड चालला होता
चाकापुढं, जमिनीला धरून, मी झुकवला होता तसाच,
समोरच्याच्या डोळ्यांत न जाणारा.
दोन्ही बाजूंना काळं पाणी, मधे वीतभर वाट.
मानशीपाशी गेला
आणि विझला.

धस्स झालं. फ्यूज? सांधा? की तोच
सायकलीसकट?
दाराची कडी काढेपर्यंत तिथं दुसरा उजेड लागला,
पिवळा, लहान, हलणारा.
त्याचा जुना रॉकेलचा कंदील.

सकाळी केळीच्या पानात सुंगटं घेऊन आला, अजून उडणारी.
"सुंगटांना तुझा पांढरा उजेड नको असतो," म्हणाला.
"तो मला. वाटेपुरता."

कन्व्हर्टरचे पैसे अजून यायचे आहेत.